चौथा प्लग

मुखरूनं खिशातून कागदाची पुडी काढली, बाकड्यावर ठेवून उलगडली, आणि कय्यूमनं आतला प्लग उचलून उजेडात धरला. साधा स्पार्क प्लग, असले हजारो त्याच्या हाताखालून गेलेले. काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट प्लग म्हणजे रिंगा गेल्या, विटकरी रंगाचा प्लग म्हणजे इंजिन खाऊनपिऊन सुखी. पण हा पांढराफटक होता, टोकाला बारीक फोड आलेला. भट्टीत बसून आलेला प्लग. "कितव्या नंबरचा?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर त्याला ठाऊक होतं. "चवथ्या," मुखरू म्हणाला. "सगळ्यात मांगचा. कुरखेड्याच्या धनराजभाऊच्या जीपचा हाय. वळखतं ना तू ते जीप?" बाहेर घुग्घुसच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक एकामागून एक चालले होते, खाणीतली पाळी सुटलेली माणसं तोंडाला रुमाल बांधून फटफट्यांवरून घरी निघाली होती, आणि धूळ आत येऊन निवांत पाने-पकडींवर बसत होती. वळखतं का म्हणे! बायकोचा चेहरा एखाद्या दिवशी नजरेसमोर आला नसेल, पण ती जीप बारा वर्षांत एकही दिवस चुकली नव्हती. कय्यूमनं प्लग मुठीत घट्ट धरला. गार होता, तरी त्याला तो पोळला.

मुखरू हा धनराजच्या राइस मिलमधला जुना हमाल. तीन एसट्या बदलून आला होता आणि पाणी पीत पीत निरोप सांगत होता: भाऊच्या बापाची ती पेट्रोल जीप बरेच वरसं शेडमंधी पडून होती, आता पोरीच्या लग्नात नवरदेव त्याच जीपमंधी बसवायचा म्हणून भाऊनं हट धरला हाय, चार मेस्त्री झाले, दोन कोस गेली का गाडी गरम होते अन् फटफट करून मिस मारते, कोणाच्या बापाले समजत नाई. मग कोणीतरी सांगितलं, जुन्या पेट्रोल गाड्यांचा जाणकार आता एकच उरला, घुग्घुसचा कय्यूम, आपल्या अकरम उस्तादाचा पोरगा. "भाऊ म्हणे, अरे तोच का? मंग त्याले बोलव ना!" मुखरू हसून म्हणाला. तोच का! कय्यूमची नजर मुखरूच्या डोक्यावरून भिंतीकडं गेली. तिथं एका खिळ्याला रेडिएटरचा जुना होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाईप, लटकत होता, पोटात फुटलेला, रबर कडक होऊन भेगाळलेला, दीड हात लांब, नालासारखा वाकलेला. गिऱ्हाइकं विचारत, हे भंगार कशाला टांगलं? तो म्हणे, राहू द्या. कारण काय सांगणार? ह्या होजाला अकरम उस्तादाची मान ठाऊक होती. बारा वर्षांपूर्वी कुरखेड्याच्या भर बाजारात, भाज्यांची पालं आणि मोहाच्या ढिगांमधून, धनराजनं ही बंद पडलेली जीप बैल जुंपून ओढत आणली होती, आणि अब्बांच्या दुकानासमोर उभी करून हा फुटका होज त्यांच्या गळ्यात घातला होता. "घे उस्ताद, तुया मेस्त्रीपणाचा हार!" म्हणाला होता. बाजार हसला होता. दोरी धरून उभा असलेला हा मुखरूसुद्धा हसला होता. आणि एकोणीस वर्षांचा कय्यूम हातात पाना घेऊन खांबासारखा उभा राहिला होता, त्याला आजतागायत कळलेलं नव्हतं की तेव्हा तो पाना त्यानं धनराजच्या टाळक्यात का घातला नाही.

"येतो," तो मुखरूला म्हणाला. "मजुरी नको म्हणजो. पण एक बोली हाय. गाडीत दोष कोणाचा हे मी खोलून दाखवीन, अन् दोष दुसऱ्याचा निंघाला तर भाऊनं बाजारात उभं राहून, माईकवर, चार लोकाईसमोर सांगावं, का अकरम उस्ताद चुकला नोहता." मुखरूनं ते दोनदा घोकलं आणि एसटीडीच्या बूथवरून मिलमध्ये फोन लावला. परत आला तो मान हलवत. "भाऊ हासले. म्हणे, एवढंच का? सांगतो ना!" एवढंच का. ह्या दोन शब्दांनी कय्यूमच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसानं निदान नाही म्हणावं, चिडावं, बोली मोडायला पाहावी. ह्यानं बारा वर्षांचं ओझं असं दोन बोटांत उचलून बाजूला ठेवलं. घरी बायकोनं, सुलतानानं, डबा बांधून दिला. हत्यारांच्या पिशवीत तळाला होज जाताना तिनं पाहिला आणि ती दारात आडवी उभी राहिली. "ये क्यूं ले जा रहे?" कय्यूम म्हणाला, "जिसका है उसको देने." खरं म्हणजे माईकवरचं बोलणं हे त्याच्या मनात निम्मंच होतं. उरलेलं निम्मं ह्या होजात होतं. धनराज बोलून मोकळा झाला की त्याच माईकसमोर, त्याच बाजारात, हा हार त्याच्या गळ्यात. बाजूला व्हायला सुलतानानं जरा वेळ लावला.

एसटी मूल गावच्या जंगलातून निघाली तेव्हा खिडकीतून मोहाचा वास आत आला, आणि त्या वासाबरोबर अब्बा. लोक त्यांना इंजिनाचे डॉक्टर म्हणत, आणि अब्बा चिडत, म्हणत, डॉक्टर मेलेल्या माणसाला हात लावत नाही, मी मेलेलं इंजिन उठवतो. त्यांच्या तऱ्हाच वेगळ्या. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायची, टोक इंजिनावर टेकवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. गाडी तापते म्हणून कोणी आलं तर बोटं पाण्यात बुडवून हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, चार जागी थेंब झटकायचे आणि कुठला थेंब आधी उडतो ते पाहायचं. हेड उघडून कार्बन खरवडायचा असेल तर तो इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या भोकांत पडू नये म्हणून भोकांत घरच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या कोंबायच्या, बटणं आधी कापून, आणि मोठ्यांदा मोजून: एक, दो, तीन, चार. काढतानाही तसंच. जितनी अंदर, उतनी बाहर. गिऱ्हाइकं हसत, उस्ताद, धुण्याचा हिशेब करता का जी? ह्या जीपचं हेड अब्बांनी उघडलं तो दिवसही कय्यूमला लख्ख आठवत होता, कारण तो मार्कंड्याच्या जत्रेचा दिवस होता. त्याचा दोस्त सलमानच्या मामाचा ट्रक निघाला होता, सगळी पोरं वर चढून हाका मारत होती, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. मग वैनगंगेची वाळू, आकाशपाळणा, उसाचा रस, देवळाच्या दगडी भिंतीवरची शिल्पं पाहून सलमाननं केलेल्या नकला. आयुष्यात इतका तो परत कधी हसला नव्हता. परत आला तेव्हा अब्बांनी हेड बसवून जीप मिलमध्ये पोचवलीसुद्धा होती. आणि आठच दिवसांनी बैल जुंपलेली जीप, होज, आणि सगळं संपलं. कय्यूमनं ह्याचा निवाडा कधीच करून टाकला होता. हेडखालचं पॅकिंग, सांधा बंद करणारा पातळ पत्रा, धनराजनं स्वतः नागपूरहून आणलं होतं, अब्बांना न विचारता. हलका माल. तो जळला, गाडी तापली, आणि शिक्षा झाली ती हात राबवणाऱ्याला. बारा वर्षांत त्यानं हे पॅकिंग मनातल्या मनात इतक्या वेळा बाहेर काढून धनराजच्या तोंडासमोर धरलं होतं की ते कुठं जळालं असेल, तेही त्याला दिसत होतं.

मिलच्या आवारात धनराज चिंचेखाली खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याला पाहून कय्यूमची फसवणूक झाली. होय, फसवणूकच. त्याच्या मनातला धनराज बैलासारखा होता, छाती पुढं काढून चालणारा, पान थुंकताना समोर कोण आहे न पाहणारा. ह्या खुर्चीवर साखरेनं पोखरलेला एक म्हातारा बसला होता, उजव्या पायाची दोन बोटं कापलेली, मांडीला टेकवलेली काठी, गळ्याची कातडी लोंबलेली. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो माणूस धडधाकट असला पाहिजे, नाहीतर सुडाला चव कसली! "ये ये, मेस्त्री," धनराज म्हणाला. "किती मोठा झाला बे तू! उस्ताद कसे हायत?" कय्यूमला वाटलं हा टोमणा आहे. पण त्या पिवळट डोळ्यांत खरोखरच चौकशी होती. "वारले," तो म्हणाला. "सात वरसं झाले." धनराज चुकचुकला. "अरेरे. काऊन? का झालं होतं?" का झालं होतं! घुग्घुसला चुलतीच्या घरी येऊन अब्बा सायकलींचे पंक्चर काढत बसले. इंजिनाला परत हात लावला नाही. ट्रक रस्त्यात बंद पडला आणि ड्रायव्हर हातापाया पडला तरी मान खाली घालून ट्यूबला पॅच लावत राहिले. जेवत होते, नमाज पढत होते, हसतही होते कधी, पण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटणारा माणूस कुरखेड्याच्या बाजारातच राहिला होता. "तुमी त्याईच्या गळ्यात होज घातला होता," कय्यूम म्हणाला. धनराजनं कपाळाला आठ्या घालून आठवलं, आणि मग तोंडभर हसला. "हौ, हौ! ते का? अरे, ते तर गंमत केली होती." मुखरूनं घाईघाईनं विषय बदलला आणि शेडचं दार उघडलं.

जीप आत उभी होती. कय्यूम तिच्या भोवती एक फेरी मारून आला, मनात शिव्या देत. पण बॉनेट वर केलं, इंजिनाच्या गार अंगावर तळवा ठेवला, आणि शिव्या आपोआप थांबल्या. हात आपलं काम करू लागले. चार मेस्त्र्यांनी काय काय करून ठेवलं होतं! रेडिएटर नवा, पंखा नवा, वायरी नव्या, प्लग नवे, पाण्याचा पंपसुद्धा बदललेला. थर्मोस्टॅट, ज्याला तिकडं सगळे वॉल म्हणतात, तो नेहमीप्रमाणं काढून फेकलेला. ह्या मुलखात गाडी तापली की पहिला गुन्हेगार तोच, जसा काही तोच आत बसून चूल पेटवतो. पण एक गोष्ट कोणीच केली नव्हती. हेडचे नट बारा वर्षांत हललेले नव्हते. "हेड काऊन नाई उघडलं कोणी?" त्यानं विचारलं. धनराज बाहेरूनच ओरडला, "मीच उघडू देल्लं नाई! एकडाव तुया बापानं उघडलं अन् गाडीचं वाटोळं झालं." कय्यूमनं दात आवळले आणि इंजिन सुरू केलं. गार होतं तोवर चारी सिलिंडर गुण्यागोविंदानं बोलत होते. दहा मिनिटं गेली, काटा चढू लागला, आणि मग तो आला, तो अडखळता ठोका: तीन पावलं नीट आणि चौथ्याला लंगडणारा. त्यानं पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून उपसल्या. पहिली काढली, इंजिन दचकलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी काढली, इंजिनाला पत्ताच नाही. तो सिलिंडर मुळात काम करतच नव्हता. प्लगांची अदलाबदल केली, कंडेन्सर बदलून पाहिला, तरी लंगडा तो चौथाच. मग त्यानं बोटं पाण्यात बुडवली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरवर थेंब पडले ते पसरून हळूहळू सुकले. चौथ्यावरचा थेंब चर्र करून उडून गेला. इंजिन सगळं तापत नव्हतं. एक कोपरा तापत होता, तिथं पाणीच पोचत नव्हतं, आणि त्या आगीत चौथा प्लग जीव सोडत होता. पॅकिंग! हलकं पॅकिंग जळून तिथं वाट बंद झाली असणार. कय्यूमला इतका आनंद झाला की त्याला हसू आवरेना. "हेड उघडावं लागन," तो म्हणाला. "भाऊ, इथी बसून पाहा. बोली हाय आपली." धनराजनं जरा वेळ काठी जमिनीवर आपटली. "उघड," तो म्हणाला. "पण आज बजार हाय. माईकवाल्याले सांगून ठेवलं म्या. मी शब्दाचा पक्का हाय."

तापलेलं हेड उघडता येत नाही, वाकतं. गार व्हायला दोन तास तरी हवेत. कय्यूम शेडच्या उंबऱ्यावर बसला. हाताशी गार पाण्यानं भरलेली बादली होती. अशा तापलेल्या इंजिनावर एक बादली ओतली तर तडाक्कन आवाज येईल आणि ब्लॉक दुभंगेल, धनराजच्या बापाची आठवण कायमची भंगारात. हात कितीदा तरी बादलीच्या कडीकडं गेला. पण मग म्हणतील, बापानं वाटोळं केलं, पोरानं मुडदा पाडला. नाही, त्याला लोखंड फोडायचं नव्हतं, त्याला ती मान हवी होती. समोर मिलचं फाटक होतं, तेच, निळ्या रंगाचं. बाजारातल्या त्या प्रकारानंतर अब्बा तीन वेळा ह्या फाटकाशी आले होते. तिन्ही वेळा कय्यूम सोबत होता, आणि ह्या तीन खेपा त्याच्या मनात होजाच्याही खाली रुतल्या होत्या, कारण होज दुसऱ्यानं घातला होता, पण इथं अब्बा आपल्या पायांनी आले होते. हात जोडून म्हणाले होते, "भाऊ, एकडाव हेड उघडू द्या. एकच डाव. सांजेपर्यंत बसवून देतो." आणि धनराज म्हणाला होता, गाडीले हात लावशील तं हात तोडीन. तिसऱ्या खेपेला हमालांकरवी ढकलून काढलं. कय्यूम परतताना रडला होता रागानं. "काऊन जाता अब्बा त्याच्या दारात? गलती तो उसकी है!"  थोडं चालून अब्बांनी भलतंच विचारलं होतं, "बेटा, उस दिन चिंधियाँ कितनी निकाली थी तूने?" कय्यूम म्हणाला होता, "चारों." अब्बा म्हणाले होते, "अच्छा." त्याला तेव्हा वाटलं होतं, अपमानानं अब्बांचं डोकं फिरायला लागलंय. आज उंबऱ्यावर बसल्या बसल्या ते आठवलं आणि त्याला उगाच पाणी प्यावंसं वाटलं.

हेडच्या प्रत्येक नटावर पंचानं मारलेला एक बारीक ठिपका होता, अब्बांची खूण. कय्यूमनं एकेक नट सोडवून ओळीनं मांडला. हेड उचललं. धनराज काठी टेकत जवळ आला होता, मुखरू त्याच्या मागं. कय्यूमनं पॅकिंग दोन्ही हातांनी अलगद सोडवून उजेडात धरलं, बारा वर्षं धरलं होतं तसंच. पॅकिंग चांगलं होतं. कुठं जळालेलं नव्हतं, कुठं फाटलेलं नव्हतं. तांब्याची कड अजून चकाकत होती. अस्सल माल. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या कानशिलात गरम वाफ भरल्यासारखं झालं. मग त्यानं चौथ्या सिलिंडरच्या मागच्या पाण्याच्या भोकात बोट घातलं. बोट अडलं. आत काहीतरी मऊ होतं. त्यानं लांब चोचीची पकड घातली आणि ओढलं. आधी गंजाचा चिखल आला, मग एक काळपट लगदा, आणि लगद्याला कडा होती, शिवलेली. टेरिकॉट सडत नाही. त्यानं अंगठ्यानं चिखल पुसला. बाही होती, शर्टाच्या बाहीचा कफ. त्यावर लाल बटण होतं, हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. त्याच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलं होतं तेव्हा अम्मीनं धाकट्या बहिणीच्या, रूहीच्या, फ्रॉकचं लाल बटण लावून दिलं होतं आणि शाळेत पोरांनी त्याला चिडवून सोडलं होतं. मग तो शर्ट जुना झाला. मग चिंध्या झाला. बटणं कापायचं काम कय्यूमचं होतं, ते त्यानं आळसानं केलं नव्हतं. आणि त्या दिवशी हॉर्न वाजत होता. सलमान ओरडत होता, चल बे! अब्बा हेड घासत बसले होते, त्यांनी न बघताच विचारलं, निकाल ली? आणि त्यानं मोजलं होतं, मोठ्यांदा मोजलं होतं, एक, दो, तीन, चार. तोंडानं चार मोजलं. हातानं तीन काढल्या.

त्यानं मूठ मिटली. चिंधीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. अब्बांना ठाऊक होतं. बाजारात होज गळ्यात पडला तेव्हा कदाचित नसेल, पण घरी येऊन त्यांनी चिंध्यांची पेटी उघडली असेल आणि मोजल्या असतील; मोजल्याशिवाय राहणारा माणूसच नव्हता तो. म्हणून ते तीन वेळा फाटकाशी आले. भीक मागायला नाही, पोराची चिंधी काढून न्यायला. कोणाला कळायच्या आत. आणि ते जमलं नाही म्हणून गप्प बसले, पंक्चर काढत बसले, आणि पोरगा समोर बसून पाच वर्षं धनराजला शिव्या घालत राहिला तेव्हाही एकदासुद्धा म्हणाले नाहीत, की बेटा, बस कर. त्याला अब्बांचाही राग आला, इतका की आत्ता ते समोर असते तर त्यानं त्यांना गदागदा हलवलं असतं. का सांगितलं नाही? मी माती खाल्ली तर माझ्या थोबाडात मारायची! "का निंघालं?" धनराजनं विचारलं. धनराजची नजर कमजोर होती, मुखरू मागं होता. मुठीत काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. एक शब्द पुरे होता: पॅकिंग. तुमी आणलेलं पॅकिंग, भाऊ. माईक तयार होता, बाजार भरला होता, पिशवीत होज होता. बारा वर्षांत ज्या वाक्याची तयारी केली ते ओठापर्यंत आलं, आणि अडलं. ज्या चिंधीनं पाण्याची वाट अडवली होती तीच मुठीत होती.

त्यानं मूठ उघडली आणि चिंधी मडगार्डवर ठेवली. "हे निंघालं. पाण्याची वाट यानं रोखली होती." धनराज वाकून पाहू लागला, मग त्याच्या तोंडावर बारा वर्षांपूर्वीचं ते हसू उगवलं. "म्हंजे मी खरंच बोललो होतो ना! तुया बापानंच वाटोळं केलं होतं!" कय्यूम म्हणाला, "बापानं नाई. म्या. माया शर्ट हाय. काहाडाची माई जिम्मेदारी होती, मी जत्रेले पळालो." मुखरू म्हणाला, "अगा बाप्पा!" धनराज मात्र जवळ सरकला आणि त्यानं, अगदी मायेनं, कय्यूमच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. लेकरू होता. मी नाई सांगत कोणाले, तू बी सांगू नोको. गाडी बसवून दे अन् लग्नाले ये."  मारलं असतं तरी चाललं असतं. ह्या माणसानं माफ करावं? ह्यानं? "तुमची माफी नोको मले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "बोली झाली हाय. माईकवर सांगा. अकरम उस्ताद चुकला नाई, त्याचा पोरगा कय्यूम चुकला. मायं नाव घेऊन सांगा. अन् चूक नसतानी त्याच्या गळ्यात तुमी होज घातला, ते बी सांगा." धनराजचा हात खांद्यावरून खाली आला. "तुये गिऱ्हाईक तुटतीन ना बे." "तुटू द्या." "अन् ते होजाचं तं गंमत होती." "मंग गंमत होती असंच सांगा," कय्यूम म्हणाला.

बाजारात उंदराचं औषध विकणाऱ्याचा माईक होता, एका जीपच्या टपावर भोंगा बांधलेला. अब्बांच्या दुकानाच्या जागी आता चपलांचं दुकान झालं होतं. त्याच्या पायरीसमोर धनराज काठीवर भार देऊन उभा राहिला. माईक तोंडाजवळ धरल्यावर भोंग्यातून आधी त्याचा दमच ऐकू आला. मग तो बोलला. जीपचं सांगितलं, चिंधीचं सांगितलं. अकरम उस्तादाची त्यात चूक नोहती, म्हणाला. त्याचा पोरगा कय्यूम, घुग्घुसले मेस्त्री हाय, त्याची चूक होती, हा पाहा इथी उभा हाय, म्हणाला. माणसांनी वळून पाहिलं. मान वर करायला कय्यूमला फार जड गेलं, पण त्यानं ती वर ठेवली. जुन्यांपैकी कोणीतरी म्हणालं, हौ, उस्तादाचा हात मोठा होता. एवढंच. बारा वर्षांनी अकरम उस्तादाचं नाव बाजारात परत आलं आणि हळदीच्या ढिगावरून पुढं गेलं. कय्यूम उरलेल्या वाक्याची वाट पाहत होता. धनराज थांबला, ओठ हलले, पण भोंग्यातून काही आलं नाही. त्यानं माईक औषधवाल्याला परत दिला. शब्दाचा पक्का! कय्यूमनं पिशवीत हात घातला आणि होज बाहेर काढला.

धनराजनं तो पाहिला. ह्या खेपेला त्याला आठवावं लागलं नाही. दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर होतं. तो पळाला नाही, ओरडला नाही. काठीवरची पकड त्यानं बदलली आणि मान खाली केली, त्या लोंबत्या कातडीची, घामानं ओली झालेली मान. मुद्दाम वाकला, की पायानं दगा दिला, ते कय्यूमला कळलं नाही. बारा वर्षं जिची वाट पाहिली ती मान समोर होती, हात लांब करायचा अवकाश. त्याला ती घाण वाटली नाही आणि तिची दयाही आली नाही. फक्त, हा होज आता तिच्या मापाचा राहिला नव्हता. अब्बा ज्या पायरीसमोर उभे राहिले होते तिथंच आज कय्यूम उभा होता. त्यानं होज उचलला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. रबर गळ्यापाशी कडक लागलं, फुटलेली बाजू छातीवर आली. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो मिलकडं निघाला. हेड अजून उघडं होतं, उरलेला गंज काढायचा होता, चिंध्या कोंबायच्या होत्या, मोजून काढायच्या होत्या. कोणी हसलं नाही, कोणी पाहिलंसुद्धा नाही. मेस्त्र्याच्या गळ्यात होज, त्यात पाहण्यासारखं काय असतं! मागं भोंगा उंदराच्या औषधाचे गुण पुन्हा सांगू लागला होता. बाजाराच्या टोकाला एक बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाक मारली. "ओ मेस्त्रीभाऊ, तो पाईप इकाचा हाय का जी? आमच्या मोटारीले पाह्यजे होता."

कय्यूम थांबला. "नाई बाई," तो म्हणाला. "माया हाय."